आधी तिशी

४ मार्च, सोमवार

त्याला कॅन्सर झालाय. फुप्फुसाचाच!

प्रयोगशाळेतल्या काकांनी सांगितलं, चहाचा कप खाली ठेवायच्या आधी. "मोठ्या सरांचा स्कॅन झाला ग शुक्रवारी. उजवीकडे, वरच्या भागात. उद्या सुई घालून तुकडा काढणार." आवाज इतका खाली आणला होता की ओव्हनची घरघर त्याहून मोठी वाटली.

मी म्हटलं, "अरेरे."

एवढंच. चेहऱ्यावर काही उमटलं नसावं. हात गार पडले होते, पण बर्फावरचे मेणाचे ब्लॉक हाताळणाऱ्या बाईचे हात गारच असतात, त्यात कुणाला काही दिसत नाही.

"सव्वीस वर्षं या खोलीत चाक फिरवतोय," काका म्हणाले, "पण आपल्याच माणसाचा ब्लॉक कापायचा म्हणजे…"

आपल्याच! तुमचा असेल.

५ मार्च, मंगळवार

तुकडे आले. दोन. त्यातला एक तुटका. कुपीत दोऱ्याच्या टोकासारखे तरंगत होते. फॉर्मवर त्याचं पूर्ण नाव, वय एकोणसाठ. रोज फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात असणारं नाव आज वरच्या रकान्यात.

रात्रभर यंत्रात राहतील. उद्या मेणात बसतील.

६ मार्च, बुधवार

रजिस्टरचं ते पान आज पुन्हा पाहिलं. शेवटचं म्हणून. (हे 'शेवटचं' पाचवं.)

निदान १. तिशी ३०. उरले ३. तपासणी – ऊतक अपुरे.

एक ओळ. शाईसुद्धा चांगली वापरलीय. ताई एका ओळीत संपलीय.

तिशी हा शब्द पहिल्या दिवशी ऐकला तेव्हा मला कळला नव्हता. काका म्हणाले, "तिशी झाली का ग तुझी?" मी म्हटलं, "अजून दोन वर्षं आहेत." सगळी खोली हसली. काका तो विनोद अजून आठवड्यातून एकदा तरी करतात. तिशी म्हणजे तीस सेक्शन. मेणात बसवलेल्या तुकड्याचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप. निदानाची एक स्लाइड निघाली की पुढचे सलग तीस वर पाठवायचे, चौथ्या मजल्यावर, त्याच्या संशोधनाला. मग जे उरेल त्यातले दहा जनुकांच्या तपासणीला. ती तपासणी सांगते की रुग्णाला कॅन्सर रोखणारी ती नवी गोळी लागू पडेल की नाही.

आदेश अकरा वर्षांपूर्वीचा, त्याच्या सहीचा, मायक्रोटोमच्या, म्हणजे कापायच्या चाकाच्या, वर भिंतीला चिकटवलेला. तेव्हा ती तपासणी इथे होत नव्हती, गोळीही नव्हती. निदान झालं की तुकड्याचं रुग्णासाठी काम संपलं – अशा दिवसांतला कागद. पुढे तपासणी आली, गोळी आली. कागद तसाच. शस्त्रक्रियेचा तुकडा मोठा असतो, तिशी काढून उरतो. सुईचा कधी उरतो, कधी नाही. आणि दारातून आत येताना समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत – आधी रुग्ण!

ताई चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. शतांश मिलिमीटरचं काम. रिपोर्ट वाचून तिने मला फोन केला. "अपुरे म्हणजे काय ग? मी काय कमी दिलं?"

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होते. गायी, कुत्री, एकदा एक घोडा. पण मेण ते मेण. ब्लॉक आपोआप संपत नाही, कुणीतरी संपवतो, हे मला त्याच क्षणी कळलं. पुन्हा सुई घालता आली नाही, पहिल्याच सुईने तिचं फुप्फुस बसलं होतं. अकरा आठवडे जगली. ब्लॉक परत मागितला – आला. कोरं मेण. मध्ये सुई टोचल्याएवढा ठिपका.

सात महिन्यांपूर्वी इथे, या कॅन्सर केंद्रात, अर्ज केला. ताईचं आडनाव सासरचं, माझं माहेरचं. कुणी काही विचारलं नाही.

त्या ओळीच्या शेवटी सही काकांची आहे. त्यांचा मला राग नाही. ते चाक फिरवतात, त्यांना वरून आदेश येतो. माझं वैर वरच्याशी आहे.

७ मार्च, गुरुवार

ब्लॉक माझ्या टेबलावर. निदानाची स्लाइड मीच काढली. दुपारी रिपोर्ट – तोच. शंकाच नव्हती.

चार वाजता निदानाच्या मॅडम स्वतः खाली आल्या. एरवी त्या फोनवरूनच ओरडतात.

"सरांचा ब्लॉक कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"हे बघ, आधी दहा तपासणीला काढ. तिशीचं नंतर बघू."

"बरं. लेखी द्या, मॅडम."

"काय?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "यात आधी तिशी आहे. क्रम बदलायचा तर लेखी लागेल."

"अग, मी सांगतेय ना तुला तोंडाने! कुणाचा ब्लॉक आहे हा, कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच."

काका मागून खोकले. त्यांचा तो खोकला मला पाठ आहे, त्याचा अर्थ 'गप बस'. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "मी नाही असलं काही लिहून देणार. त्यांच्याकडूनच आण जा."

हेच तर हवं होतं!

एक ओळ. त्याच्या हातची. 'माझ्या ब्लॉकला आधी तपासणी.' ती ताईच्या ओळीशेजारी ठेवायची आणि दोन्ही नीतिमत्ता समितीकडे द्यायच्या. वर एक शब्दही लिहायचा नाही. स्वतःवर आल्यावर क्रम कसा बदलतो ते समितीतल्या सातही जणांना वाचता येईल. आधी केंद्राचं प्रमुखपद जाईल हातून, मग चौथा मजला, मग नाव.

मॅडम गेल्यावर काका म्हणाले, "तुला काय गरज होती ग? होय म्हणायचं, कापून मोकळं व्हायचं."

"नियम आहे ना, काका."

"नियम कळतो मला. मी तुझ्याआधी जन्मलोय."

८ मार्च, शुक्रवार

आईला सांगितलं. फोनवर बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, मग तिने नळ बंद केला.

"करावं तसं भरावं," ती म्हणाली. "मला काही वाटत नाही बघ. मेलं तर मेलं."

नळ पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद झाला.

"त्याच्या घरी कोण कोण आहे ग?"

"माहीत नाही."

माहीत आहे. सात महिन्यांत सगळं माहीत करून घेतलंय. बायको, दोन मुली. धाकटी परदेशात. गाडी पांढरी, मागच्या दाराला पोचा.

९ मार्च, शनिवार

गेले. चौथा मजला, कोपऱ्यातली खोली. आजारी माणूस घरी असतो, हा कामावर होता. सदऱ्याच्या आत, बगलेखाली पट्टीचा फुगवटा. टेबलावर तक्ते. त्यातले ठिपके म्हणजे आम्ही पाठवलेले तुकडे. त्यातला एक ठिपका ताई. कुठला ते त्यालाही सांगता येणार नाही.

"बसा. खालच्या ना तुम्ही? तुमचे सेक्शन ओळखू येतात मला. एकाला सुरकुती नसते."

मला अर्धा क्षण बरं वाटलं. नोंदवून ठेवते, कारण ते खरं आहे आणि लाज वाटण्यासारखं आहे.

मी कागद पुढे केला. टाइप करून नेला होता, फक्त सही बाकी. "मॅडम म्हणाल्या आधी तपासणी करायची. त्यासाठी तुमची लेखी परवानगी लागेल."

त्याने वाचला. हसला. खोकल्यात संपलेलं हसू.

"मॅडमना भलती काळजी. अहो, अकरा वर्षं मी लोकांचे पहिले तीस घेतोय. आता माझे द्यायची पाळी आली तर 'माझं तेवढं वेगळं' म्हणू? उद्या तुम्हीच हसाल खाली."

हे मी धरून चालले नव्हते. सगळी उत्तरं पाठ करून गेले होते – टाळाटाळ, दरडावणी, 'तुम्हाला कुणी पाठवलं' – हे त्यात नव्हतं!

"सर, ऊतक कमी पडलं तर?"

"सहसा पडत नाही."

"पडतं."

"मग तुकडाच लहान असतो. घेणाऱ्याच्या हातावर आहे ते. त्याला आपण काय करणार?" शांतपणे म्हणाला. सोंग नव्हतं. मी माणसांचे चेहरे वाचण्यात फारशी हुशार नाही, पण हे सोंग नव्हतं. त्याला खरंच माहीत नाही. अकरा वर्षांत त्याने तो आकडा कधी मागवलाच नाही.

त्याने माझी टाइप केलेली ओळ एका रेघेने खोडली आणि खाली लिहिलं – नियमाप्रमाणे. आधी तिशी. सही. तारीख.

"आणि सुरकुती नको हं."

जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. रागाने. दुसऱ्या कशाने नाही.

१० मार्च, रविवार

चादरी धुतल्या. दोनदा.

११ मार्च, सोमवार

ब्लॉक उजेडासमोर धरला. मला जनावरांच्या कामापासूनची सवय आहे, कापण्याआधी किती निघतील ते सांगते. काका परीक्षा घेतात कधीकधी. दोन-तीनच्या वर कधी चुकले नाही.

पस्तीस. फार तर छत्तीस.

तिशी काढली की उरले पाच. तपासणीला दहा लागतात. म्हणजे – ऊतक अपुरे.

दिवसभर ते दोन शब्द तोंडात घोळत राहिले. मला काहीच करायचं नाही! खोटं नाही, चोरी नाही, हात वाकडा पडू द्यायचा नाही. फक्त आज्ञा पाळायची, तीही त्याच्याच हातची, ताज्या शाईतली. याहून स्वच्छ सूड कुणाला मिळाला असेल? देवाने ताट वाढून आणून ठेवलंय आणि वर म्हणतोय, जेव.

तपासणीचं यंत्र बुधवारी लागतं. उद्या कापायलाच हवं.

"अजून नाही कापलास?" काका. "घाबरलीस? दे इकडे, मी कापतो."

"माझ्या टेबलावर आलाय. मीच कापणार."

"बरं बाई. ब्लेड तरी नवीन घाल. साहेब आहेत."

१२ मार्च, मंगळवार

कापला. सकाळी नऊ चाळीसला, खोलीत सगळे असताना.

पहिली रिबन, कापांची सलग पट्टी, सरळ आली. कोमट पाण्यावर तरंगायला लागली. माझ्या उजव्या हाताला वर जायची पेटी, डाव्या हाताला तपासणीची. उजवीकडे पहिली स्लाइड ठेवायला हात उचलला आणि तिथेच थांबला.

दया आली असं कुणी म्हणू नये. वही, तूसुद्धा नाही.

मी त्या रिपोर्टचा विचार करत होते. 'ऊतक अपुरे' वाचून तो काय म्हणेल? तुकडाच लहान होता. घेणाऱ्याचा हात. आणि तसंच समजून शांतपणे मरेल – नियम पाळलेला, ताठ मानेचा, सगळं केंद्र हळहळत असलेला. सभागृहाला नाव देतील त्याचं! ताईला मरताना निदान एवढं तरी वाटत होतं की आपलं काहीतरी कमी पडलं. याला तेवढंही वाटणार नाही.

नाही. मला तो जिवंत हवाय. तपासणी होऊ दे, गोळी लागू पडू दे. नीट बसता आलं पाहिजे, डोळे वाचण्याइतके ठीक पाहिजेत. मग मी दोन ओळी त्याच्या टेबलावर ठेवीन. ही माझ्या ताईची. ही तुमची. फरक कशात आहे ते तुम्हीच शोधा. आणि मग रोज सकाळी ती गोळी घ्या.

पहिले दहा डावीकडे ठेवले.

पुढचे उजवीकडे. चोविसाव्यानंतर नुसतं मेण यायला लागलं. पस्तीसचा अंदाज होता, निघाले चौतीस.

रजिस्टरमध्ये खरं लिहिलं, स्वच्छ अक्षरात: निदान १. तपासणी १०. संशोधन २४. तिशी अपुरी.

पूर्ण सही केली. आडनावासकट.

जादा एक मिनिटही लागलं नाही. चाक तेच, पाणी तेच, ब्लेड तेच. हात फक्त डावीकडे गेला.

१३ मार्च, बुधवार

काकांनी सकाळीच रजिस्टर पाहिलं.

"अग! हे काय? चुकून ना?"

"नाही."

"खोड ते. खोड म्हणतो! वरून विचारतील आता. त्यांनी स्वतः लिहून दिलेलं असताना… नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणे! अग, बस खाली. काय झालंय तुला?"

बोलायचं नव्हतं. सात महिने बोलले नव्हते. पण सकाळपासून तो डावीकडे गेलेला हात डोक्यातून जात नव्हता, आणि आता समोर काका होते, चष्मा कपाळावर चढवलेले, माझ्यासाठी घाबरलेले.

"काका, मागच्या वर्षी सतरा जानेवारीला तुम्ही एक ब्लॉक कापला. सुईचा. तिशी पूर्ण. उरले तीन."

"मागच्या जानेवारीतलं काय विचारतेस? मला काल काय जेवलो ते सांगता येत नाही."

"माझी ताई होती ती."

काकांच्या हातातलं चाक थांबलं. कापलेली रिबन ब्लेडला लोंबत राहिली.

"मला काय माहीत ग," ते म्हणाले. "नंबर असतो आपल्याकडे. माणूस कुठे येतं इथे?"

"नंबरच होता. समोर दिसत होतं की पुरणार नाही. तुम्हाला तर माझ्याहून चांगलं दिसतं. पेटी बदलायची होती, काका. उजवीऐवजी डावी. काही लागत नाही त्याला. मी काल करून बघितलं."

मला वाटलं ते चिडतील. आदेश, पोट, सव्वीस वर्षं – असं काहीतरी म्हणतील. त्या प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"खरंय," ते म्हणाले.

मग लोंबणारी रिबन ब्लेडवरून सोडवत, "तुला येऊन किती महिने झाले?"

"सात."

"सात. तुझं सगळं ठाऊक असून… सात महिने तू माझ्या शेजारी बसून कुठल्या पेटीत टाकत होतीस ग?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर परत मारला असता.

१४ मार्च, गुरुवार

रजिस्टर काढलं. माझ्या सहीचे सुईचे ब्लॉक – एकशे बारा. परवाचा सोडून तिशी सगळ्यांची पूर्ण. ऊतक अपुरे – नऊ.

नऊ फॉर्म काढून आणले. तिसऱ्यावर, जवळचे नातेवाईक: धाकटी बहीण. पुढे फोन नंबर दिलेला आहे.